आंतरधर्मीय सामंजस्य आणि समाजसेवेचा युवा पुरस्कार : पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

आंतरधर्मीय सामंजस्य आणि समाजसेवा यांसाठी तरुणांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचा अर्ज हातात आला की बहुतेकांची नजर आधी शेवटच्या तारखेकडे जाते आणि मग शब्दमर्यादेकडे. माझी विनंती अशी की, त्याआधी पुरस्काराच्या नावातल्या ‘आणि’ या शब्दापाशी थोडे थांबावे. निवड समितीचा निम्मा निर्णय त्या एका शब्दावर ठरत असतो.

असे अर्ज मी काही वर्षे वाचले आहेत आणि अर्ज भरणाऱ्या मुलामुलींबरोबर बसून त्यांचे मसुदे दुरुस्तही केले आहेत. मागे पडणाऱ्या अर्जांमध्ये दोन प्रकार सारखे दिसतात. पहिल्या प्रकारात सेवा भरपूर असते, तासांचा हिशेब भक्कम असतो, पण काम करणारे सगळे एकाच समाजातले, एकाच ओळखीतले असतात आणि दुसऱ्या श्रद्धेच्या माणसांशी त्यांचा संबंध ‘लाभार्थी’ या शब्दापुरताच येतो. दुसऱ्या प्रकारात व्यासपीठावर निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी ओळीने बसलेले असतात, भाषणे झालेली असतात, छायाचित्रे सुरेख असतात, मात्र त्या दिवसानंतर त्यांतले कोणी कोणाला पुन्हा भेटलेले नसते. समिती ज्याच्या शोधात असते ते काम यांहून वेगळे आहे. वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे एखाद्या खऱ्या गरजेसाठी एकत्र राबली आणि राबता राबता एकमेकांना ओळखू लागली, असे ते काम असते. तुमच्या हातून असे काम आधीच होत असेल तर पुढचे मार्गदर्शन अर्जासाठी उपयोगी पडेल. अजून सुरू झाले नसेल तर यंदाचा अर्ज बाजूला ठेवून पुढच्या वर्षीची तयारी आजपासून करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पहिली पायरी : नियम पेन हातात घेऊन वाचा

‘युवा’ या शब्दाची व्याख्या सगळीकडे सारखी नसते. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी 15 ते 24 हा वयोगट धरतो. सुरक्षा परिषदेने तरुण, शांतता आणि सुरक्षितता या विषयावर 2015 साली केलेल्या 2250 क्रमांकाच्या ठरावात 18 ते 29 हा वयोगट आहे. राष्ट्रकुलाचे युवा पुरस्कार 15 ते 29 या वयाच्या तरुणांसाठी असतात, तर डायना पुरस्कारासाठी 9 ते 25 वर्षांची मुले-मुली पात्र ठरतात. त्यामुळे आपण वयात बसतो असे गृहीत न धरता कोणत्या तारखेला किती वय पूर्ण असायला हवे ते नियमांत शोधावे. अर्ज करण्याच्या दिवशीचे वय, वर्षाच्या पहिल्या तारखेचे वय आणि काम केले तेव्हाचे वय या तीन वेगवेगळ्या अटी आहेत, आणि केवळ यातल्या गल्लतीमुळे चांगले अर्ज पहिल्या छाननीतच बाद होताना मी पाहिले आहेत.

वयाबरोबरच आणखी चार गोष्टींखाली रेघ ओढावी. अर्ज स्वतः करायचा आहे की दुसऱ्या कोणी तुमचे नाव सुचवायचे आहे? पुरस्कार व्यक्तीला आहे की गटाला? काम कोणत्या कालावधीतले हवे? आणि रोख रक्कम असेल तर ती स्वतःसाठी आहे की त्याच कामावर खर्च करण्याची अट आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर आयोजकांना लिहून विचारावे. विचारणा केल्याने अर्जावर वाईट परिणाम होतो ही भीती अनाठायी आहे.

निकष वाचताना प्रत्येक शब्दाचे वजन पाहावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 20 ऑक्टोबर 2010 रोजी ठराव करून फेब्रुवारीचा पहिला आठवडा ‘जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह’ म्हणून जाहीर केला. ही कल्पना जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे यांनी मांडली होती, आणि 2013 पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार या सप्ताहातील उत्तम उपक्रमांना दिला जातो. मूळ ठरावात ‘सर्व धर्म, पंथ आणि श्रद्धा’ असा व्यापक उल्लेख आहे. या व्यापकतेचा व्यावहारिक अर्थ असा की, छोट्या परंपरांचे लोक, आदिवासी श्रद्धा पाळणारे आणि कोणताही धर्म न मानणारे तरुणही सामंजस्याच्या कामात बरोबरीने येतात. मोठ्या धर्मांचे एकेक प्रतिनिधी जमवले की झाले, या समजुतीवर उभारलेले काम बहुतेक परीक्षकांना अपुरे वाटते.

दुसरी पायरी : गरज आधी शोधा, धर्म नंतर मोजा

नवखा अर्जदार बहुधा उलट्या बाजूने सुरुवात करतो. तो आधी चार धर्मांचे चार मित्र गोळा करतो आणि मग आपण काय करू या, असे विचारतो. त्यातून बहुतेक वेळा एखादा कार्यक्रम निघतो, काम निघत नाही. त्याऐवजी परिसरातली अशी गरज शोधावी की जी सगळ्यांना सारखीच जाणवते आणि जी एकट्या कोणाला झेपत नाही : एकटे राहणारे वृद्ध, संध्याकाळी अभ्यासाला जागा नसलेली मुले, रुग्णालयात रात्र काढणारे नातेवाईक, रक्तदात्यांची अद्ययावत यादी, कचऱ्याने भरलेला ओढा, नव्याने आलेल्या कुटुंबांना कागदपत्रे भरून देणे. गरज खरी असेल तर वेगवेगळ्या घरांतली माणसे तिच्याभोवती आपसूक जमतात, आणि जमली नाहीत तर कोण आलेले नाही हे पाहून त्यांच्या दारी जाता येते.

आता जमलेल्या माणसांत खरोखरच जवळीक होईल का, हे तपासण्याची एक जुनी आणि भरवशाची कसोटी आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली असे मांडले की, दोन समाजांतील माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी अनुकूल असाव्या लागतात. एकत्र आलेल्यांचा दर्जा समान असावा, त्यांचे उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी स्पर्धेऐवजी सहकार्य लागावे, आणि ज्यांचा शब्द समाजात मानला जातो अशा संस्थांचा किंवा वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असावा. पुढे 2006 मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा, संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि या चार गोष्टी असल्या तर तो परिणाम अधिक ठळक होतो, असे दिसून आले. परीक्षकांनी ऑलपोर्ट वाचलेले असोत किंवा नसोत, मुलाखतीत त्यांचे प्रश्न याच चार गोष्टींभोवती फिरतात.

यातली पहिली अट सर्वांत अवघड आहे, म्हणून ती थोडी जवळून पाहू. एका मुलाने माझ्याकडे अतिशय नीटनेटका आराखडा आणला होता. मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग, शिकवायला तीन समाजांतले अकरा तरुण, आठवड्याचे वेळापत्रक, सगळे चोख. मी त्याला एवढेच विचारले की, खोलीची किल्ली कोणाकडे असते? किल्ली त्याच्याकडे होती. हजेरीवही त्याच्या चुलतभावाकडे, जमा झालेले पैसे त्याच्या काकांकडे आणि खोली त्यांच्याच प्रार्थनास्थळाच्या आवारात होती. बाकीचे आठ जण दर आठवड्याला मनापासून शिकवायला येत होते, पण पाहुणे म्हणून येत होते. तो बराच वेळ गप्प राहिला. पुढच्या महिन्यात त्याने किल्लीच्या आणखी दोन प्रती करून घेतल्या, पैशांचा हिशेब दुसऱ्या समाजातल्या एका मुलीकडे दिला आणि बैठक दर वेळी वेगळ्या ठिकाणी घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यापासून सूचना त्याच्याखेरीज इतरांकडूनही येऊ लागल्या. अर्जात त्याने किल्लीची ही हकिकत जशीच्या तशी लिहिली. माझ्या मते समान दर्जा म्हणजे काय, हे तिच्याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

गट केवढा असावा याला ठरावीक नियम नाही. तरीही अंदाजासाठी सांगतो की, युनायटेड रिलिजन्स इनिशिएटिव्ह ही 2000 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या स्थानिक गटासाठी किमान सात सदस्य आणि किमान तीन वेगवेगळ्या परंपरा अशी अट ठेवते. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. चाळीस नावांच्या यादीपेक्षा दर आठवड्याला न चुकता येणारे सात जण केव्हाही बरे.

तिसरी पायरी : एकमेकांकडून शिकण्याची शिस्त

सेवेचे काम सुरू झाले की समजूत आपोआप वाढेल, असे मानून चालणे ही चूक आहे. ओढा साफ करताना दोन जण तीन महिने शेजारी शेजारी उभे राहू शकतात आणि तरी एकमेकांविषयीच्या त्यांच्या कल्पना जराही बदललेल्या नसतात. म्हणून कामाच्या वेळापत्रकातच बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा. काम संपल्यावरची अर्धी घटकाही चालते, पण ती दर वेळी व्हायला हवी.

या बोलण्याला काही नियम असावेत. क्रिस्टर स्टेंडाल हे स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ स्टॉकहोमचे बिशप असताना, 1985 साली, तेथे दुसऱ्या एका पंथाचे मंदिर उभारण्यास विरोध सुरू होता. तेव्हा पत्रकारांशी बोलताना त्यांनी तीन सूत्रे सांगितली होती, आणि आंतरधर्मीय कामात ती आजही वापरली जातात. एखाद्या धर्माविषयी जाणून घ्यायचे असेल तर तो पाळणाऱ्यांना विचारावे, त्याच्या विरोधकांना विचारू नये. आपल्यातले उत्तम आणि त्यांच्यातले वाईट अशी तुलना करू नये. आणि दुसऱ्याच्या परंपरेतल्या एखाद्या गोष्टीचा आपल्याला हेवा वाटावा, इतकी जागा मनात मोकळी ठेवावी. ही तीन सूत्रे एका कागदावर लिहून पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचावीत.

तिसऱ्या सूत्रावर मुले अडखळतात, म्हणून त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या परंपरेतली अशी एक गोष्ट सांगावी की जी आपल्याकडे असती तर बरे झाले असते. उत्तरे लगेच येणार नाहीत, आणि येण्याची घाईही करू नये. याउलट ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ या वाक्याने चर्चा सुरू करण्याचे टाळावे. ते सद्भावनेने म्हटले जाते हे मला मान्य आहे, पण त्यामुळे ज्याची श्रद्धा त्याच्यासाठी खरोखर वेगळी आणि मोलाची आहे त्याचे तोंड बंद होते. मतभेद आहेत हे मान्य करून एकत्र काम करणे याला सामंजस्य म्हणतात, आणि मतभेद नाहीतच असे दाखवत राहिले तर पहिल्या वादात गट फुटतो.

प्रार्थनेविषयी आधीच ठरवून घ्यावे. एकत्र प्रार्थना काहींना आपलेपणाची वाटते, तर काहींना ती त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. एक मिनिट शांतता पाळणे किंवा एकाने आपल्या पद्धतीने प्रार्थना करणे आणि बाकीच्यांनी आदराने ऐकणे, हे दोन मार्ग बहुतेकांना चालतात. कोणालाही सक्ती नको. श्रद्धा बाळगण्याचे, बदलण्याचे आणि न बाळगण्याचेही स्वातंत्र्य मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्यातील अठराव्या कलमात आहे. त्याच कारणाने सेवेच्या आडून कोणी कोणाला आपल्या धर्माकडे ओढणार नाही, ही अट पहिल्याच दिवशी लेखी करावी. ज्यांची सेवा करायची ते बऱ्याचदा अडचणीत असतात आणि त्यांना नाही म्हणणे जड जाते, म्हणून ही काळजी आपणच घ्यायची असते.

राहिला दिनदर्शिकेचा प्रश्न. तो किरकोळ वाटतो, पण बहुतेक गट पहिल्यांदा ठेचाळतात ते इथेच. शुक्रवारी दुपारची सामुदायिक नमाज, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंतचा ज्यूंचा शब्बाथ, रविवार सकाळची ख्रिस्ती उपासना हे दर आठवड्याचे झाले. इस्लामी वर्ष चांद्रमानावर चालत असल्याने रमझान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. बहाईंचा एकोणीस दिवसांचा उपवास मार्चमध्ये येतो. अनेक जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपापल्या तारखा एकाच मोठ्या कागदावर लिहाव्यात आणि मगच कामाचे दिवस ठरवावेत.

चौथी पायरी : नोंदवही

संपूर्ण तयारीतली एकच गोष्ट निवडून सांगायची झाली तर मी हीच सांगेन. अर्जाच्या आदल्या आठवड्यात आठवून लिहिलेला अहवाल आणि दर आठवड्याला त्याच संध्याकाळी लिहिलेली नोंद यांतला फरक वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतो.

नोंदवहीत तारीख, हजर असलेल्यांची नावे, किती वेळ काम झाले, काय काम झाले आणि काय बिघडले एवढे असावे. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. एका मुलीच्या नोंदवहीतले एक पान मला अजून आठवते. तिचा गट दर शनिवारी सकाळी एका दुर्लक्षित दफनभूमीची साफसफाई करत असे. सलग तीन शनिवार दोन सदस्य आलेच नाहीत आणि वहीत तिने ‘कंटाळले असावेत’ असे लिहिले होते. चौथ्या आठवड्यात तिने फोन करून विचारले तेव्हा समजले की, ते दोघे ज्यू होते, शनिवारी ते काम करत नाहीत, आणि आपल्यामुळे सगळ्यांची सोय बिघडू नये म्हणून त्यांनी काही सांगितले नव्हते. तिने आधीचे दोन शब्द खोडले नाहीत. त्यांच्याखाली तिने लिहिले, ‘कंटाळले नव्हते. मी विचारले नव्हते. आजपासून रविवारी दुपारी.’ अर्जाला तिने या पानाचे छायाचित्र जोडले, आणि समितीतल्या सर्वांनी चर्चेत सर्वांत आधी त्याचाच उल्लेख केला.

तासांची नोंद प्रामाणिक ठेवावी. 1956 मध्ये सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराच्या सेवा विभागात कांस्य स्तरासाठी किमान तीन महिने, रौप्यसाठी सहा आणि सुवर्णसाठी बारा महिने नियमित काम अपेक्षित असते, आणि तेही आठवड्याला सरासरी एक तास या हिशेबाने. ध्यानात घ्यायचे ते हे की तिथे मोठा आकडा मागितलेला नाही, सातत्य मागितलेले आहे. दोन दिवसांत केलेल्या तीस तासांपेक्षा तीस आठवडे केलेला एकेक तास अधिक बोलका असतो. आकडा फुगवण्याचा मोह झाला तर तो आवरावा; ‘शेकडो लोकांपर्यंत पोहोचलो’ या वाक्यावर परीक्षकाचा पुढचा प्रश्न ‘कसे मोजले?’ हाच असतो, आणि तिथे अडखळलेला अर्जदार सहसा सावरत नाही.

छायाचित्रांबाबत विशेष सावध राहावे. ज्यांना मदत मिळाली त्यांचे चेहरे दाखवू नयेत. दाखवायचेच असतील तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय नाही. तुमच्या गटातल्या एखाद्याने दुसऱ्या धर्माच्या लोकांसोबत काम केल्याचे जाहीर झाले तर त्याला घरी किंवा वस्तीत त्रास होऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावे. तसे असेल तर त्याचे नाव गाळावे आणि नाव का गाळले ते अर्जात सांगावे. अठरा वर्षांखालील मुले कामात असतील तर त्यांच्यासोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती असणे, आणि कोणत्याही मुलाला एकट्या अनोळखी व्यक्तीच्या घरी न पाठवणे, हे नियम पुरस्कार असो वा नसो, पाळायचेच आहेत.

पाचवी पायरी : अर्ज लिहिणे

मसुदा करताना समजा पाचशे शब्दांची मर्यादा आहे. नवखे अर्जदार त्यांतले दोनशे शब्द प्रस्तावनेत घालवतात : आजच्या जगात द्वेष वाढत आहे, तरुण हे देशाचे भविष्य आहेत, मानवता हाच खरा धर्म आहे. ही वाक्ये खोटी नाहीत, पण ती कोणाच्याही अर्जात बसतात आणि म्हणूनच तुमच्याविषयी काहीच सांगत नाहीत. पहिल्या वाक्यातच वाचणाऱ्याला कामाच्या जागी नेऊन उभे करावे.

दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. ‘आम्ही विविध धर्मांच्या युवकांना एकत्र आणून वृद्धांसाठी सेवाभावी उपक्रम यशस्वीरीत्या राबवला आणि बंधुभावाचा संदेश दिला.’ आता दुसरा : ‘गेल्या वर्षी जूनपासून आम्ही नऊ जण, चार वेगवेगळ्या श्रद्धांचे, दर बुधवारी संध्याकाळी एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवतो, सुरुवातीला तेथील सहा जणांनी आमच्यातल्या काहींकडून ऐकायला नकार दिला, आज त्यांतले चौघे ऐकतात आणि दोघे अजूनही नकार देतात.’ दुसऱ्या नमुन्यात ‘बंधुभाव’ हा शब्दच नाही, तरी तो त्यातच दिसतो. अजून नकार देणाऱ्या त्या दोघांमुळे बाकीच्या सगळ्या वाक्यांवर विश्वास बसतो.

साधारण क्रम असा ठेवावा : गरज काय होती, ती तुम्हाला कशी कळली, कोण कोण एकत्र आले, त्यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता, काय बदलले, काय बदलले नाही आणि पुढे काय करायचे ठरले आहे. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा वापर जपून करावा. सगळीकडे ‘मी’ लिहिले तर सोबत्यांचे श्रेय हिरावले जाते. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले तर पुरस्कार कोणाला द्यायचा, हे समितीला कळत नाही. निर्णय तुम्ही घेतला असेल तिथे ‘मी’, काम सर्वांनी केले असेल तिथे ‘आम्ही’, एवढे पथ्य पुरेसे आहे.

तुम्ही स्वतः कसे बदललात, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो आणि त्याची उत्तरे सर्वांत गुळगुळीत असतात. इथे आधी मनात असलेला एखादा गैरसमज नेमक्या शब्दांत सांगण्याचे धाडस करावे. ‘त्यांच्याकडे मुलींना बोलू देत नाहीत असे मला वाटत होते, आमच्या गटात सर्वांत परखड बोलणारी मुलगी त्यांच्यातलीच निघाली’ असे एक वाक्य ‘माझा दृष्टिकोन व्यापक झाला’ या वाक्याच्या दसपट मोलाचे आहे. मात्र ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्यापैकी कोणालातरी ते आधी वाचायला द्यावे. संपूर्ण मसुदाच दुसऱ्या श्रद्धेच्या एका सोबत्याकडून वाचून घ्यावा; ‘हे असे नाही म्हणत आमच्यात’ ही दुरुस्ती समितीकडून येण्यापेक्षा मित्राकडून आलेली बरी.

अर्ज ऑनलाइन भरायचा असेल तर मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून शब्द मोजून ठेवावा आणि शेवटच्या दिवसाच्या किमान दोन दिवस आधी पाठवावा. पोच मिळालेला ईमेल जपून ठेवावा.

सहावी पायरी : शिफारसपत्रे

बहुतेक ठिकाणी दोन शिफारसपत्रे मागतात. त्यांतले एक तुमच्या स्वतःच्या समाजाबाहेरच्या व्यक्तीचे असावे, असा माझा आग्रह आहे, मग नियमांत तसे लिहिलेले असो वा नसो. पद मोठे असण्यापेक्षा तुमचे काम डोळ्यांनी पाहिलेले असणे महत्त्वाचे आहे. ज्यांनी तुम्हाला एकदाच व्यासपीठावर पाहिले अशा मान्यवरांचे पत्र तोंडदेखले उतरते. निदान तीन आठवडे आधी विनंती करावी आणि सोबत निकषांची प्रत आणि तुमच्या नोंदवहीतली दोन-तीन पाने द्यावीत, म्हणजे लिहिणाऱ्याला नेमके प्रसंग हाताशी राहतात. पत्राचा मसुदा स्वतःच लिहून नुसती सही मागण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. ती टाळावी, कारण दोन पत्रांची भाषा सारखी आली की दोन्ही पत्रांचे मोल जाते.

सातवी पायरी : मुलाखत

मुलाखतीत तुमच्या धर्मज्ञानाची परीक्षा नसते. एखाद्या परंपरेविषयी विचारले आणि ठाऊक नसेल, तर ‘मला माहीत नाही, पण आमच्या गटातल्या अमुक एकाला मी विचारेन’ हे उत्तर उत्तमच आहे. जे प्रश्न हमखास येतात त्यांचा विचार मात्र करून ठेवावा. गटात भांडण झाले तेव्हा काय केले? तुमच्याच समाजातून विरोध झाला का, आणि त्या लोकांशी तुम्ही कसे बोललात? तुम्ही शिक्षणासाठी दुसरीकडे गेलात तर काम कोण चालवील? विरोध करणाऱ्यांविषयी बोलताना स्वर सांभाळावा. ज्याला दुसऱ्या धर्माच्या माणसांविषयी आदर आहे पण स्वतःच्या घरातल्या वेगळ्या मताच्या माणसांविषयी तुच्छता आहे, त्याची समजूत अजून अर्धवट आहे, असे परीक्षकांना वाटल्यावाचून राहत नाही, आणि मलाही तसेच वाटते.

इथेच एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतो. निवड झाल्याचे कळवून नोंदणी शुल्क, प्रमाणपत्राचा खर्च किंवा समारंभाची प्रवेशिका यांसाठी पैसे मागितले गेले तर थांबावे. पुरस्काराचे नाव भारदस्त असते, पत्रावर बोधचिन्हे असतात आणि अभिनंदनाचा मजकूर वाचून मन हुरळून जाते. आधीच्या वर्षांचे विजेते कोण, निवड समितीत कोण आहेत आणि पुरस्कार देणाऱ्या संस्थेचे स्वतःचे काम काय आहे, हे तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नये आणि ओळखपत्रांच्या प्रतीही पाठवू नयेत.

निकालानंतर

निवड झाली तर बातमी जाहीर करण्याआधी गटातल्या प्रत्येकाला स्वतः सांगावे. ज्यांची नावे सुरक्षिततेसाठी गाळली होती त्यांना समारंभाला यायचे आहे का, छायाचित्रात उभे राहायचे आहे का, हे पुन्हा विचारावे. अर्जाच्या वेळचे उत्तर आता बदललेले असू शकते. रक्कम मिळाली असेल तर तिचा हिशेब सर्वांसमोर मांडून पुढच्या वर्षाचा खर्च एकत्र बसून ठरवावा.

निवड झाली नाही तर अभिप्राय मागावा. सर्वच समित्या तो देत नाहीत, पण जिथे मिळतो तिथे दोन ओळींतही पुढच्या अर्जाची दिशा सापडते. शिफारसपत्रे देणाऱ्यांना निकाल कळवून त्यांचे आभार मानावेत. हे बहुतेक जण विसरतात.

दोन्ही वेळी, निकाल लागला त्या आठवड्यातही ठरल्या दिवशी कामावर जावे, आणि त्या दिवसाची नोंद वहीत नेहमीसारखी लिहावी. वयोमर्यादा ओलांडायला वर्षभर उरले की, तुमच्याहून लहान आणि शक्यतो वेगळ्या श्रद्धेच्या एखाद्या सोबत्याला ही वही लिहायला सांगावे, पहिले दोन महिने त्याच्या शेजारी बसावे आणि मग खोलीच्या किल्लीसकट ती त्याच्या हाती द्यावी.